बर्ड फ्लूच्या कामात संसर्ग आपल्याच बुटांवरून बाहेर जाऊ नये म्हणून

प्रश्न : पशुसंवर्धन विभागाच्या बर्ड फ्लूसाठीच्या शीघ्र कृती दलात माझे नाव नुकतेच आले आहे. पीपीई किट, फवारणीचे पंप, जंतुनाशके असे सर्व साहित्य तालुक्याला मिळाले आहे आणि प्रशिक्षणात किट घालण्याचे प्रात्यक्षिकही झाले. परंतु बर्ड फ्लू निघालेल्या एका पोल्ट्रीतून दुसऱ्या पोल्ट्रीत, किंवा एका घरातून दुसऱ्या घरात, आमच्याच दलाबरोबर विषाणू जाणार नाही याची व्यवस्था प्रत्यक्ष कामात कशी करावी?

उत्तर :

बाधित शेडमधील कोंबडी शेडबाहेर जात नाही. बाहेर जातो तो माणूस, त्याचे बूट, फवारणीचा पंप, जेसीबी, खाद्याचा टेंपो आणि अंड्यांचे ट्रे. रोगाची खबर आल्यावर पोल्ट्रीमालकाची ये-जा आपण थांबवतो, व्यापाऱ्यांना फाटकावरूनच परत पाठवतो, आणि मग त्या परिसरात सर्वांत जास्त हालचाल करणारे लोक उरतात ते आपणच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर किटमध्ये शोधू नये. किट माणसाला विषाणूपासून वाचवते. शेजारच्या गावाला आपल्यापासून वाचवायचे असेल तर जागेची आखणी, कामाचा क्रम आणि बाहेर पडण्याची शिस्त लागते, आणि ती पहिला माणूस आत जाण्यापूर्वी ठरलेली असावी लागते. आत गेल्यावर बघू, असे म्हटले की ती कधीच ठरत नाही.

आपल्या राज्याला या कामाचा जुना अनुभव आहे. भारतातील कोंबड्यांमधील बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचा पहिला उद्रेक नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला झाला आणि भोपाळच्या अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेच्या अहवालानंतर १८ फेब्रुवारी २००६ रोजी तो जाहीर झाला. नवापूर हे सुरत-धुळे महामार्गावरचे, गुजरातच्या सीमेला खेटून असलेले गाव. पोल्ट्री फार्म एकमेकांजवळ आणि खाद्य, पिल्ले, अंडी यांची वाहतूक दोन्ही राज्यांत, अशी तिथली स्थिती होती. सीमेपलीकडे उच्छल तालुक्यातही रोग आढळला, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत परसातील कोंबड्यांमध्ये तो निघाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात आणि त्यानंतर पुन्हा नवापूर परिसरात हेच काम करावे लागले. मोठी व्यापारी पोल्ट्री आणि घरोघरच्या पाच-दहा गावरान कोंबड्या या दोन परिस्थितींत दूषितता पसरण्याच्या वाटा निरनिराळ्या असतात, म्हणून पुढे दोन्हींचा विचार वेगवेगळा केला आहे.

परदेशातील दोन घटनाही प्रत्येक दलप्रमुखाला ठाऊक असाव्यात. २००३ मध्ये नेदरलँडमध्ये बर्ड फ्लूच्याच एच७एन७ या प्रकारच्या विषाणूचा मोठा उद्रेक झाला, सुमारे तीन कोटी पक्षी नष्ट करावे लागले आणि ८९ माणसांना लागण झाल्याचे सिद्ध झाले. त्यांतील बहुतेक जण कोंबड्या हाताळणारे आणि नष्ट करणारे होते. बाधित पोल्ट्रीला भेट दिलेल्या एका पशुवैद्यकाचा मृत्यू झाला, आणि तीन रुग्ण असे होते की जे पोल्ट्रीत गेलेच नव्हते, त्यांच्या घरातील माणूस गेला होता. बहुतेकांचे लक्षण डोळे येणे हेच होते. आपल्याकडे मास्कबद्दल जेवढा आग्रह धरला जातो तेवढा गॉगलबद्दल धरला जात नाही, तो का धरावा याचे उत्तर या आकड्यांत आहे. दुसरी घटना इंग्लंडमधील पिरब्राइटची, ऑगस्ट २००७ मधील. तेथे जनावरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाचा विषाणू हाताळणाऱ्या संकुलाच्या जुन्या सांडपाण्याच्या वाहिनीतून तो जमिनीत मुरला आणि बांधकामावर येणाऱ्या अवजड वाहनांच्या चाकांना लागलेल्या मातीबरोबर बहुधा बाहेरच्या रस्त्यावर गेला, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. अतिसुरक्षित प्रयोगशाळेच्या आवारात जर टायरचा चिखल हा कच्चा दुवा ठरू शकतो, तर आपल्या कच्च्या रस्त्यावरच्या शेडजवळ तो ठरणारच.

विषाणूचा स्वभाव थोडक्यात सांगतो, कारण पुढील सर्व नियम त्यावरच आधारलेले आहेत. आजारी कोंबडीच्या विष्ठेत आणि नाका-तोंडातील स्रावात तो मोठ्या प्रमाणात असतो. विष्ठेत ४ अंश सेल्सिअस तापमानाला तो पस्तीस दिवसांपर्यंत आणि ३७ अंशांना सुमारे सहा दिवस तग धरल्याची नोंद आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की हिवाळ्यातील ओलसर लिटर (शेडच्या जमिनीवरचा, विष्ठा मिसळलेला तुसाचा थर) हे त्याचे घर आहे आणि उद्रेकही बहुधा थंडीतच होतात. दुसरीकडे, या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि ते साध्या साबणाने, डिटर्जंटने फुटते. हा शत्रू चिवट नाही. तो विष्ठेच्या, पिसांच्या आणि तुसाच्या आड लपला की मात्र कोणतेही महागडे जंतुनाशक त्याच्यापर्यंत पोचत नाही. आधी घासून-धुऊन घाण काढणे आणि मग जंतुनाशक लावणे हा क्रम उलटा झाला, तर फवारणी केवळ छायाचित्रापुरती होते.

आता जागेची आखणी. पोल्ट्रीत पोचल्यावर वाहन फाटकाबाहेर, डांबरी किंवा कोरड्या कठीण जमिनीवर उभे करावे. ते आत नेण्याचा मोह आवरावा, कारण साहित्य उचलून नेण्याचे कष्ट वाचतात खरे, पण चाके धुण्याचे काम दहा पटींनी वाढते. त्यानंतर वाऱ्याची दिशा आणि जमिनीचा उतार पाहावा. स्वच्छ भाग वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढाच्या बाजूला असावा, म्हणजे धुण्याचे पाणी आपल्याकडे वाहत येणार नाही. विहीर, बोअरवेल आणि नाला कोणत्या बाजूला आहे हे मालकाला विचारून घ्यावे. मग शेड आणि त्याभोवतीचे आवार हा दूषित भाग, किट उतरवण्याची व हात-पाय धुण्याची जागा हा मधला भाग, आणि वाहने, साहित्य, पिण्याचे पाणी व नोंदी असलेला स्वच्छ भाग, असे तीन भाग जमिनीवर दिसतील असे आखावेत.

बहुतेक ठिकाणी ही आखणी फक्की मारून केली जाते. फक्की दुपारपर्यंत बुटांखाली पुसली जाते आणि पुसलेली रेषा कोणी पाळत नाही. त्यापेक्षा खुंट्या ठोकून दोरी बांधावी, आणि जिथून माणसे बाहेर येणार त्या एकाच जागी एक लांब लाकडी बाक आडवा ठेवावा. बाक हे फार उपयोगी साधन आहे: माणूस दूषित बाजूने त्यावर बसतो, एक पाय बुटातून काढून तो जमिनीला न टेकवता पलीकडच्या स्वच्छ चपलेत घालतो, मग दुसरा. ज्याला रेषा ओलांडण्यासाठी बसावेच लागते तो घाईत ती ओलांडत नाही. शाळेतून किंवा ग्रामपंचायतीतून असा बाक सहज मिळतो. काम संपल्यावर तो धुऊन, जंतुनाशक लावून, उन्हात वाळवून परत करावा, किंवा लाकूड सच्छिद्र व जुने असेल तर त्याची किंमत भरून तो जाळावा.

त्या बाकाजवळ स्वच्छ बाजूला एक माणूस उभा करावा आणि दिवसभर त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. आत कोण गेले, केव्हा गेले, केव्हा बाहेर आले याची वही त्याच्याकडे असावी, आणि किट उतरवताना प्रत्येक पायरी त्याने मोठ्याने सांगावी. त्याला दलप्रमुखालाही अडवण्याचा अधिकार आहे हे सकाळीच सर्वांसमोर सांगून टाकावे. माझ्या मते संपूर्ण दलात हे पद सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि आपल्याकडे ते नेमके सर्वांत कनिष्ठ, कोणाला ‘नाही’ म्हणू न शकणाऱ्या परिचराला दिले जाते. एखादा ज्येष्ठ, जरा तिरसट म्हणून ओळखला जाणारा पशुधन पर्यवेक्षक त्या जागी ठेवावा. फाटकावर पुढारी येतात, कॅमेरे येतात, वरिष्ठ पाहणीला येतात. ‘दोन मिनिटे आत डोकावतो’ असे म्हणणाऱ्याला नम्रपणे परंतु ठामपणे थांबवणारा माणूस तिथे हवा. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ अन्वये प्रतिबंधाचे आदेश निघालेले असतात, त्यांची प्रत त्या वहीतच ठेवावी. वाद लवकर मिटतो.

माणसे निवडताना एक प्रश्न न चुकता विचारावा: घरी कोंबड्या आहेत का? नंदुरबार, धुळे, गडचिरोली या भागांत जवळजवळ प्रत्येक घरी चार गावरान कोंबड्या असतात, आणि रोजंदारीवर घेतलेला मजूर संध्याकाळी त्यांनाच दाणे टाकायला जाणार असतो. अशा व्यक्तीला दूषित भागात पाठवू नये. स्वच्छ बाजूची कामे द्यावीत. दम्याचा, हृदयविकाराचा रुग्ण, गर्भवती, किंवा त्या दिवशी सर्दी-ताप असलेला कर्मचारी यांना आत घेऊ नये. आणखी एक गोष्ट प्रशिक्षणाच्या पुस्तिकांत नसते: तंबाखू. कोंबड्या पकडण्याच्या कामात तरबेज असलेले अनेक जण तंबाखू मळणारे असतात. मास्क खाली ओढून, त्याच हातमोज्याने चिमूट ओठांत ठेवून, कोपऱ्यात थुंकून पुन्हा कामाला लागणारा माणूस स्वतःलाही लागण करून घेतो आणि मास्कची आतली बाजूही दूषित करतो. त्याला रागावून उपयोग होत नाही. आत जाण्यापूर्वी खिसे रिकामे करून घ्यावेत, कामाची पाळी लहान ठेवावी आणि बाहेर आल्यावर हात धुऊन झाल्यानंतर त्याला मोकळीक द्यावी. पाळी लहान ठेवण्याचे दुसरे कारण उकाडा हे आहे. बंद किटमध्ये माणूस थोड्याच वेळात घामाने निथळतो, गॉगलवर वाफ धरते, आणि मग तो नकळत मनगटाने कपाळ पुसतो. दूषित हात चेहऱ्याला लागतो तो बहुतेक वेळा असाच.

किट घालण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते आपण शिकलाच आहात. फक्त एवढे पाहावे की किटचा पायाकडचा भाग गमबुटाच्या बाहेरून यावा, आत खोचलेला नसावा, नाहीतर धुण्याचे पाणी बुटात उतरते. हातमोज्यांच्या दोन जोड्या असाव्यात. आणि घड्याळ, अंगठी, पाकीट, गाडीची किल्ली स्वच्छ बाजूलाच राहावी. मोबाइलचा प्रश्न अवघड आहे, कारण पंचनाम्यासाठी छायाचित्रे लागतात. एकच फोन आत न्यावा, तो पारदर्शक पिशवीत बंद करून, आणि बाहेर येताना पिशवीवर जंतुनाशकाचा बोळा फिरवून ती कापून फोन स्वच्छ हाताच्या माणसाने काढून घ्यावा. कागद मात्र आत नेऊच नये. शेडमधील संख्या, मृत पक्षी, अंडी, खाद्याची पोती हे सर्व आतल्या माणसाने दोरीजवळ येऊन मोठ्याने सांगावे आणि बाहेरच्याने लिहून घ्यावे. आत नेलेली वही धुता येत नाही, आणि नुकसानभरपाईची नोंद असल्याने ती जाळताही येत नाही.

नमुने घेताना संसर्ग पसरण्याखेरीज आणखी एक धोका असतो, तो म्हणजे एका नमुन्याची दूषितता दुसऱ्या नमुन्यात जाण्याचा. आरटी-पीसीआर चाचणीला विषाणूचा सूक्ष्म अंशही पुरतो. त्यामुळे आजारी शेडमधील हातमोज्यांनी निरोगी शेडमधील स्वॅब हाताळला तर निरोगी शेड कागदोपत्री बाधित ठरू शकते. म्हणून कुप्यांवरील चिठ्ठ्या आत जाण्यापूर्वीच लिहून चिकटवाव्यात, सुरुवात निरोगी दिसणाऱ्या कळपापासून करून आजारी कळपाकडे जावे, प्रत्येक शेडसाठी बाहेरचे हातमोजे बदलावेत, आणि श्वासनलिकेचा व गुदद्वाराचा स्वॅब स्वतंत्र कुपीत ठेवावा. मृत पक्ष्याचे शवविच्छेदन पोल्ट्रीत करू नये. रक्त आणि आतड्यांतील घाण उघड्यावर येते. अख्खा पक्षी दुहेरी पिशवीत घट्ट बांधून पाठवावा. कुपी, तिच्याभोवती शोषक कापसासह गळतीरोधक डबा, आणि त्याबाहेर बर्फाच्या पिशव्यांची पेटी, असे तीन थर असावेत. दूषित बाजूच्या माणसाने डबा बाहेरून पुसून रेषेवरच ठेवावा आणि स्वच्छ बाजूच्या माणसाने पेटी पुढे करून तो घ्यावा. पेटी स्वतः कधीही शेडमध्ये जाऊ नये, कारण तीच पेटी उद्या पुण्याच्या, परवा भोपाळच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर असणार आहे.

पक्षी नष्ट करण्याचा टप्पा सर्वांत धुळीचा असतो. कोंबड्या फडफडल्या की पिसे, कोंडा आणि वाळलेली विष्ठा हवेत उडते. दिवे मंद करून, पडदे पाडून, पक्षी शांत असताना पकडावेत. लिटरवर आधी पाण्याचा हलका फवारा द्यावा. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे: साचलेल्या लिटरमध्ये अमोनिया असतो आणि त्यावर ब्लीचिंगचे तीव्र द्रावण ओतले तर घसा आणि डोळे जाळणारे वायू निघतात. बंद शेडमध्ये माणसे असताना हे कधीही करू नये. आम्लयुक्त फरशी-क्लीनर ब्लीचिंगमध्ये मिसळल्यास थेट क्लोरीन वायू सुटतो, हेही फवारणी करणाऱ्याला सांगून ठेवावे. मान मोडून पक्षी मारावेत. सुरी चालवू नये, कारण सांडलेले रक्त म्हणजे सांडलेला विषाणू. मृत पक्षी लगेच पिशवीत जावेत आणि पिशवी तीन चतुर्थांश भरली की पिळून, वाकवून बांधावी. गच्च भरलेली पिशवी खड्ड्यापर्यंत जाताना फाटतेच.

खड्डा शक्यतो त्याच आवारात असावा, म्हणजे मृत पक्षी रस्त्यावरून न्यावे लागणार नाहीत. केंद्राच्या कृती आराखड्यातील हिशेबानुसार दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल खड्ड्यात सुमारे १,८०० पक्षी मावतात. जेसीबी भाड्याचा असतो आणि त्याच्या चालकाला दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी शेतात जायचे असते. त्यामुळे कोंबड्या मारण्यापूर्वीच खड्डा खणून घ्यावा, उकरलेली माती एका बाजूला रचावी आणि यंत्र त्या ढिगाच्या मागे, स्वच्छ अंगाला उभे करावे. भरताना त्याने दुरूनच माती लोटावी. बकेटने पिशव्या दाबू नयेत. आवारातून बाहेर पडण्यापूर्वी चाके, त्यांच्या खाचा, बकेटचे दात आणि चालकाच्या पायाखालचा पत्रा घासून धुवावा. चालक केबिनमध्ये बसून असतो म्हणून तो स्वच्छच आहे असे आपण धरून चालतो, पण मध्येच खाली उतरून शेडजवळ पाहायला गेलेला असतो तोच. खड्ड्याच्या वर चुना आणि पुरेशी माती असावी, कारण रात्री कुत्री उकरतात. २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१मुळे दगावले. मांसाहारी प्राण्याच्या तोंडी बाधित पक्षी लागू देणे किती महाग पडू शकते याचा अंदाज त्यावरून यावा. पोल्ट्रीतील मांजर आणि राखणीचे कुत्रे पहिल्याच दिवशी बांधून ठेवावेत.

किट उतरवणे. लागण होण्याची आणि विषाणू बाहेर नेण्याची सर्वाधिक शक्यता या काही मिनिटांत असते, आणि नेमक्या याच वेळी माणूस थकलेला, तहानलेला आणि घाईत असतो. एका वेळी एकानेच यावे, बाकीच्यांनी मागे थांबावे. प्रथम दूषित बाजूलाच टोकदार ब्रशने बुटांच्या तळाच्या खाचा घासाव्यात. खाचांत अडकलेले तूस आणि विष्ठा निघेपर्यंत पाणी ओतत राहावे, तळवा उलटा करून बाकाजवळच्या माणसाला दाखवावा, आणि त्याने मान हलवल्यावरच बूट जंतुनाशकात बुडवावेत. मग ॲप्रन काढावा. त्यानंतर बाहेरचे हातमोजे बाहेरची बाजू आत जाईल असे उलटे काढून पिशवीत टाकावेत आणि आतील हातमोजे जंतुनाशकाने चोळावेत. टोपी मागे सारून, चेन उघडून, अंगातील किट खांद्यांपासून खाली गुंडाळत आणावे, म्हणजे बाहेरची बाजू आतल्या कपड्यांना शिवणार नाही. ते झटकू नये आणि ओढू नये. बाकावर बसून किट व बूट सोडून पाय पलीकडे न्यावेत. आता हातमोजे पुन्हा चोळून गॉगल मागील पट्टीला धरून, डोके किंचित पुढे झुकवून काढावा. मग आतील हातमोजे, मग साबणाने हात, आणि सर्वांत शेवटी एन-९५ मास्क: खालची पट्टी आधी, वरची नंतर, पुढील भागाला स्पर्श न करता. पुन्हा साबणाने हात आणि चेहरा. शक्य असेल तिथे आंघोळ करून धुतलेले कपडे घालूनच वाहनात बसावे. किटखाली घातलेले कपडे बंद पिशवीत न्यावेत. वापरलेली किट दुहेरी पिशवीत बांधून, पिशवीवर बाहेरून फवारून त्याच खड्ड्यात पुरावीत किंवा जाळावीत. किटचा ढीग टेंपोत टाकून तालुक्याला आणण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती बंद व्हायला हवी.

फाटकावरील पायधुणीबद्दल मला तक्रारच आहे. सकाळी उथळ घमेल्यात लालसर परमँगनेटचे पाणी ठेवले जाते, अकरा वाजेपर्यंत ते चिखलासारखे होते आणि संध्याकाळपर्यंत सर्व जण भक्तिभावाने त्यातच पाय बुडवून जातात. घाण मिसळलेल्या जंतुनाशकाची शक्ती संपलेली असते. दोन घमेली ठेवावीत, पहिल्यात साबणाचे पाणी आणि ब्रश, दुसऱ्यात जंतुनाशक. दुसऱ्यातील पाणी गढूळ दिसू लागताच बदलावे आणि घमेली सावलीत असावीत, कारण उन्हात क्लोरीन उडून जातो. प्रमाण सोपे आहे. पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट असेल तर एक भाग द्रावणात नऊ भाग पाणी, म्हणजे अर्धा टक्का. ताजी, सुमारे तेहतीस टक्के क्लोरीनची ब्लीचिंग पावडर असेल तर एका लिटरला १५ ग्रॅम. द्रावण रोज नवे करावे आणि किमान दहा मिनिटे पृष्ठभाग ओला राहू द्यावा. गोदामातील वर्षानुवर्षे पडून असलेल्या, गोळे झालेल्या पावडरवर विसंबू नये. कॉस्टिक सोडा दोन टक्के, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, सिमेंटच्या फरशीसाठी चांगला. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये, आणि ॲल्युमिनियमच्या पिंजऱ्यांना तो लावू नये. फवारणीचा पंप हाही एक वाहक आहे. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्या आणि तळ कोणी धूत नाही, म्हणून दूषित भागातील पंप काम संपेपर्यंत तिथेच राहावा.

परसातील कोंबड्यांच्या कामात मात्र दोरी आणि बाक प्रत्येक घरासमोर लावता येत नाही. बाधित घरातील कोंबड्या पकडलेले दल त्याच बुटांनी गल्लीतील पुढच्या घरात जाते, आणि तिथल्या कोंबड्या जरी नष्ट करायच्याच असल्या तरी त्या अंगणात माणसे, बकऱ्या, पिण्याच्या पाण्याचे हंडे असतात. यावर उपाय म्हणजे दोन स्वतंत्र पथके. मरतुक झालेल्या घरांत एकच पथक जाईल आणि ते दिवसभर दुसरीकडे जाणार नाही. दुसरे पथक केवळ निरोगी दिसणाऱ्या कोंबड्यांच्या घरांत जाईल. दोघांचे जेवणही वेगळ्या जागी असावे. प्रत्येक उंबऱ्यावर बूट घासणे आणि बाहेरचे हातमोजे बदलणे आवश्यक आहे. घराच्या आत, विशेषतः स्वयंपाकाच्या जागेत जाऊ नये. कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात बंद करून ठेवाव्यात असे गावाला आदल्या दिवशी सांगितले, तर सकाळी अंगणभर पाठलाग करावा लागत नाही. अंगणातील पाठलाग हाच दूषितता पसरण्याचा सर्वांत मोठा प्रकार असतो. हे सांगण्यासाठी आशाताई आणि सरपंच यांच्याइतका दुसरा चांगला मार्ग नाही. भरपाई किती आणि कशी मिळणार हे त्याच वेळी स्पष्ट सांगावे. विश्वास नसेल तर रात्रीत कोंबड्या पाटीत झाकून पाहुण्यांच्या गावी जातात, आणि मग आपली सारी आखणी वाया जाते.

केंद्राच्या सुधारित कृती आराखड्यात उद्रेकाच्या केंद्रापासून एक किलोमीटरपर्यंतचे बाधित क्षेत्र आणि एक ते दहा किलोमीटरपर्यंतचे निगराणी क्षेत्र आहे. निगराणीचे नमुने घेणारे कर्मचारी आणि बाधित क्षेत्रात काम केलेले कर्मचारी एकच असू नयेत. मनुष्यबळ कमी असते ही अडचण खरी आहे. तरीही बाधित पोल्ट्रीत काम केलेल्या माणसाला निदान तीन दिवस कोणत्याही कोंबड्यांजवळ न पाठवणे एवढे तरी पाळावे. त्याचा लसीकरणाचा किंवा दवाखान्यातील कोंबड्यांचा दौरा दुसऱ्याकडे द्यावा.

वस्तूंपैकी तीन वस्तू नेहमी निसटतात. कागदी लगद्याचे अंड्यांचे ट्रे धुता येत नाहीत, ते जाळावेत किंवा पुरावेत. प्लास्टिकचे ट्रे घासून, बुडवून पुन्हा वापरता येतात. खाद्याची रिकामी पोती मजूर घरी नेतात, ती पहिल्या दिवशीच मोजून नष्ट करावीत. तिसरी वस्तू लिटर. कोंबडखत म्हणून त्याला ऊस, केळी आणि कांदा उत्पादकांकडून चांगला भाव मिळतो, आणि रोग जाहीर होण्याच्या आधीच्या आठवड्यात एखादी ट्रॉली कुठे गेली आहे का, हे मालकाला शांतपणे, धमकी न देता विचारावे. ती गेलेली असेल तर त्या शेतापर्यंत जाऊन ढीग झाकावा आणि आसपासच्या घरांतील कोंबड्या निगराणीत घ्याव्यात.

काम संपल्यावर दलातील प्रत्येकाची शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस ताप, खोकला आणि डोळे लाल होणे यांसाठी रोज विचारपूस व्हावी. ओसेल्टामिविर या फ्लूविरोधी गोळ्या द्यायच्या का आणि किती दिवस, हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याने ठरवावे. औषधाच्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. लक्षण दिसल्यास डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘मी बर्ड फ्लूच्या कामावर होतो’ असे सांगावे, नाहीतर साध्या सर्दीचे औषध देऊन ते परत पाठवतात. बाकाजवळच्या वहीत नाव, वेळ आणि फोन क्रमांक असल्यामुळे ही विचारपूस त्याच यादीवरून करता येते. जेसीबीचालक, फोन घेणारा, पिशव्या देणारा अशी स्वच्छ बाजूची माणसेही त्या यादीत असावीत, आणि दहावा दिवस संपल्याची सही झाल्यावर ती वही जिल्हा पशुसंवर्धन उपायुक्त कार्यालयात जमा करावी.